भाऊंच्या घरचा गलेफ

मी शमशाद, माहेरची नदाफ, सासरची मुजावर. माहेर मलकापूर, कराडला लागून हाय ते, आता तिथं हायवेच्या दोनी अंगानं शोरूमच शोरूम झाल्यात, पण माझ्या ल्हानपणी आमचं घर म्हंजे निस्ता कापूस, अब्बा पिंजारी हुतं, खांद्यावर कमान घेऊन गावोगाव फिरायचं, गाद्या भरायचं, आन् अम्मी त्या गाद्यांना टाकं घालायची, मी शेजारी बसून सुई ओवून द्यायची, म्हंजे काय सांगू तुमाला, अक्षराच्या आधी सुई आली माझ्या हातात. शाळा सातवीपतुर. घरात आमी आमची हिंदी बोलायचो, पण तिच्यात निम्मी मराठीच असायची, त्यामुळं लगीन होऊन इकडं पलूसकडं आले तवा भाषेचं कायबी अडलं न्हाई, अडलं ते उसाचं, आमच्याकडं एवढा ऊस नव्हता, इथं घराच्या मागनं दार उघडलं की ऊस, मला वाटायचं कुणीतरी उभं हाय.

सासरं दर्ग्याचं मुजावर हुतं, म्हंजे पीराची दिवाबत्ती, झाडलोट, उरूस सगळं आमच्या घरात. आता गलेफ तुमाला ठावं असंल नसंल, पीराच्या मजारीवर चढवायची चादर ती, हिरवी मखमल, जरीची किनार, आन् आमच्या गावात उरसाचा मानाचा गलेफ येतो तो पाटलांच्या घरनं. भाऊंच्या घरनं. त्यांचं नाव नका लिवू, भाऊच लिवा, या पट्ट्यात भाऊ म्हणलं की दुसरं कुणी न्हाईच. शहरातली माणसं इचारत्यात, मराठ्याच्या घरचा गलेफ पीरावर कसा काय, इथं कुणी इचारत न्हाई, त्यांच्या पणज्यापासनं चालत आलंय, पेपरात आल्यामुळं भाऊ जगाला ठावं झालं, त्याच्या कितीतरी आधीपासनं.

तुमाला पेपरातलं ठावं असणार. दूध संघ, भेसळ, सील. ते बी सांगते, लपवायचं काय त्यात. पण माझं आधी ऐका, कारण माझ्यापाशी भाऊ पेपरातनं आलं न्हाईत, दारातनं आलं.

झालं असं, लग्नानंतर दोनचार वरसातच, डेरीच्या मागच्या खोलीत भाऊंनी बायकांसाठी शिवणक्लास काढला, मशिनी आणल्या, सांगलीची एक बाई शिकवायला ठिवली, आन् मला जायचं हुतं. सासरं म्हणलं, मुजावराच्या घरची सून डेरीवर मशीन मारायला जाणार न्हाई, विषय संपला. मालक काय बोलंनात, आमचं मालक भाऊंच्याच डेरीवर दुधाचा टेम्पो चालवायचं, पण बापापुढं त्यांच्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई. त्येंनीच भाऊंच्या कानावर घातलं असंल. एक दिवस भाऊ आलं, उंबऱ्यावरच बसलं, आत या म्हणलं तरी न्हाई, म्हणलं, चाचा, पीराचा गलेफ कोण शिवतंय हो? सासरं म्हणलं, सांगलीचा टेलर. भाऊ म्हणलं, तो वजू करून, हातपाय धुऊन शिवतो का? आता ते मला काय ठावं पाटील. मग असं करू, पुढच्या वर्षीपासनं आमच्या घरचा गलेफ तुमची सून शिवंल, पीराचं काम हाय, त्याला तर तुमी न्हाई म्हणणार न्हाई, पण शिकल्याबिगार शिवंल कशी? सासरं हसाय लागलं, म्हणलं, पाटील, तुमी लय बिलंदर माणूस. भाऊ म्हणलं, चाचा, बिलंदर हाय म्हणून तर निवडून येतो. आन् मी आतनं चहा घेऊन आले तर माझ्याकडं बघून म्हणलं, पोरी, सोमवारी ये, आन् किनार वाकडी आली तर तुझ्या सासऱ्याला तोंड दाखवायला मला जागा न्हाई.

असं हुतं ते. पुढं मालक गेलं, छातीत कळ आली आन् बसल्या जागी गेलं, पोरं ल्हान, तवा त्या मशिनीनं मला धरलं. एक मीच न्हाई. भाऊंनी आजूबाजूच्या शाळांचं युनिफॉर्म बाहेरच्या ठेकेदाराकडनं काढून आमच्या क्लासातल्या बायकांना दिलं, ठेकेदार येऊन भांडून गेला, भाऊंनी त्याला चहा पाजून वाटंला लावला. पुढं ती सांगलीची बाई गेली आन् शिकवायला मीच लागले. माझ्या हाताखालनं किती बाया गेल्या, कुणाचं इस्लामपुरात दुकान हाय, कुणी नवऱ्याला सोडून स्वतःचं घर बांधलं, एक तर मलकापुरात माझ्याच माहेरच्या गल्लीत बसती, जाईन तवा म्हणती, मॅडम, ब्लाऊज टाका, पैसं न्हाई घेणार. मॅडम म्हणती मला! मी म्हणते गप गं.

आन् भाऊ काय देव नव्हतं, ते बी लिवा. नावाचा लय सोस. बसस्टॉपच्या शेडवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, मोडक्या बाकड्यावर सुदीक नाव, बसायला जागा न्हाई पण नाव हाय. मालक म्हणायचं, भाऊंची म्हस व्याली तर रेडकावर बी पाटी लावतील. रागावलं की समोर कोण हाय बघायचं न्हाईत. आन् पुतण्या. पुतण्यापुढं त्यांचं काय चालायचं न्हाई, त्यांचा सख्खा भाऊ मेलेला, त्याचं पोर, म्हणून डोक्यावर बसवलं आन् डेरी त्याच्या हातात दिली.

मग ते झालं. सरकारी गाड्या आल्या, डेरीच्या मागच्या शेडात, आमचा क्लास चालायचा त्याच्या पलीकडंच, पावडरीची पोती, तेलाचं डबं, आन् काय काय मिळालं, आमाला वाटायचं जनावराचं खाद्य हाय. डेरीला सील लागलं. भाऊंना सांगलीला नेलं, पेपरात फोटो, तोंडावर रुमाल न्हाई घेतला, एवढं मी बघितलं. पुतण्या पळाला तो पळालाच. जामिनावर भाऊ आलं तवर त्यांच्या पाट्यांना डांबर फासलं हुतं. ज्यांनी फासलं त्येंना मी वळखते, निम्म्यांचं युनिफॉर्म मी शिवलेलं.

आता सुनीताचं सांगते, तिच्याबिगार हे सांगणं म्हंजे खोटं हुईल. सुनीता माझ्याकडं शिकलेली, हात असा की कापड बोलायचं तिच्याशी. तिची धाकटी त्याच वरसात लय आजारी पडली, सांगलीच्या दवाखान्यात कितीतरी दिवस, नळ्या घातलेल्या, डाक्टरांनी दुधानं झालं असं म्हणलं न्हाई आन् दुधानं झालं न्हाई असंबी म्हणलं न्हाई. पोरगी वाचली, अल्लाची मेहरबानी, पण अजून तिच्यापुढं दुधाचा पेला धरला तर मान फिरवती. दूध कुठलं हुतं, आमच्याच डेरीचं. सुनीता तवापासनं भाऊंच्या घरावरनं जात न्हाई, ओढ्याकडनं वळसा घालून जाती.

आन् उरूस आला. दर वरसाला आक्का, म्हंजे भाऊंच्या मंडळी, आधीच मखमल पाठवायच्या, त्या वरसाला आली न्हाई. आलं ते सरपंच. सरपंच म्हंजे भाऊंचाच जुना कार्यकर्ता, त्यांच्या मागं मागं फिरून मोठा झालेला. मखमल घेऊनच आला, भारी, म्हणला, भाभी, यंदा मानाचा गलेफ आमच्या घरनं, उरसाच्या कमिटीत ठरलंय, भेसळीच्या घरचा गलेफ पीरावर चढला तर गावाची काय इज्जत राहील. मी म्हणलं, सरपंच, तुमी पयल्यांदा फॉर्म भरायला गेलता तो कुणाच्या जीपमधनं? म्हणला, भाभी ते येगळं. मी म्हणलं, आन् फॉर्मवर सूचक कोण हुतं? म्हणला, भाभी, तुमी शिवता का न्हाई तेवढं सांगा. मी म्हणलं, शिवते, पीराचं कापड कुणाचंबी असूदे, शिवणार. पण त्यांचं आलं तर त्यांचंबी शिवणार. मग जाता जाता म्हणला, यंदा युनिफॉर्मचं शाळेच्या कमिटीत बघावं लागंल, बाहेरचा एकजण स्वस्तात देतोय. कळलं मला. कळायलाच म्हणला तो.

माझं थोरलं दीर आता मुजावर, सासऱ्यांच्या माघारी. त्येंना म्हणलं, भाईजान, तुमी कमिटीत असताना असं कसं ठरलं? म्हणलं, शमशाद, पोरं ऐकत न्हाईत, म्हणत्यात दुधात पाणी घालणाऱ्याचं पीर कसं घेईल. मी म्हणलं, गलेफ म्हंजे काय चांगल्या चालचलणुकीचं सर्टिफिकेट हाय का? माणूस पीराकडं सगळं बरं झालं म्हणूनच जातो का? हातनं वाईट झालं म्हणून बी जातो. मग गुन्हा केलेल्यानं जायचं कुठं, पोलिसाकडंच? दिरांनी टोपी काढून डोकं खाजवलं, म्हणलं, आधी कापड तर येऊ दे त्यांच्याकडनं.

म्हणून गेले मी भाऊंकडं. दाराशी खाटंवर बसलेलं, एक हात मांडीवर निस्ता पडलेला, वारं गेलेलं त्या अंगावरनं. मला बघून म्हणलं, किनारवाली आली. मग म्हणलं, यंदा नगं शमशाद, तुझ्या पोटावर पाय येतोय, मला कळलंय, मी झालो म्हातारा, पीराला काय एक गलेफ कमी. मी बसले. आक्कांनी चहा ठिवला. आन् माझ्या तोंडातनं गेलं, कसं गेलं मला ठावं न्हाई, म्हणलं, भाऊ, तुमाला ठावं हुतं का?

भाऊंनी चहा बाजूला सारला. मग म्हणलं, डेरीत दूध येतंय त्यापेक्षा जातंय जास्त, हे आंधळ्यालाबी दिसलं असतं. मला दिसलं. मी मान फिरवली. पोराला बोलायचं म्हणलं तर ते माझ्या भावाच्या तोंडावळ्याचं हुतं.

हे मी कुणाला सांगितलं न्हाई आजवर. आता भाऊ न्हाईत, आन् आक्कांनीच मला म्हणलं, लिवून घ्यायला येणाऱ्या त्या पोरीला सांगायचं तर सगळं सांग.

तर तो चहा निवून गेला. काय वाटलं म्हणून सांगू, माणूस पुतण्यावर ढकलंल म्हणून मी तयार हुते, आन् हे असं सरळ आल्यावर माझं काय चालंना. सुनीताची पोरगी डोळ्यांपुढं आली, नळ्यांसकट. मी उठले, चप्पल घातली, फाटकापतुर गेले बी. आन् परत आले. आक्कांना म्हणलं, कापड द्या. भाऊ म्हणलं, एवढं ऐकून? मी म्हणलं, ऐकलं म्हणूनच, आता गलेफ गेलाच पायजे. आक्का आत गेल्या, ट्रंकेतनं मखमल काढली, आणून ठिवली हुती त्येंनी, निस्ती पाठवायची छाती झाली न्हाई.

आता आमच्याकडं एक रीत हाय. गलेफाचा एक कोपरा मशिनीवर बंद करत न्हाई. तो तसाच उघडा ठिवून घरी न्यायचा, आन् उंबऱ्यावर त्या घरच्या बाईनं हातानं शेवटचं टाकं घालायचं, मग गलेफ डोक्यावर उचलायचा. उरसाच्या दिवशी दुपारी मी गलेफ घेऊन गेले, तर आक्का म्हणाल्या, माझा हात चालत न्हाई गं, कापतोय. आन् तेवढ्यात फाटकातनं बायका. मी आपलं दोघीतिघींना बोलले हुते, इस्लामपूरच्या, मलकापूरच्या, आता बायकांना सांगितलं म्हंजे तुमाला ठावंच हाय, क्लासातल्या कुठनं कुठनं एसटी करून, पोरं कडंवर घेऊन आल्या, एक तर घरात भांडून आली म्हणाली, नवरा म्हणतो त्या भेसळवाल्याकडं जातीस, मी त्येला म्हणलं, तुझ्या अंगावरचा शर्ट कुणी शिवला ते बघ आधी. हशा. आक्का सुदीक हसल्या, कितीतरी दिवसांनी. मग एकेकीनं उंबऱ्यावर बसून टाका घातला, आक्कांनी पयला, मग बाकीच्यांनी, आन् कोपरा असा गाठीगाठीचा, जाडजूड, वाकडा झाला की माझ्या दुकानातनं असलं काम गेलं असतं तर मी उसवून परत करायला लावलं असतं.

आन् सुनीता आली. ओढ्याकडनं न्हाई, सरळ रस्त्यानं. मी सुई पुढं केली, चूक माझी, मला वाटलं टाका घालायला आली. ती म्हणाली, मी टाका घालणार न्हाई चाची. भाऊंपुढं जाऊन उभी राहिली, म्हणाली, माझ्या लेकराचा हात बघा एकदा, सलाईननं काळा पडला हुता, अजून डाग गेला न्हाई, तुमी दवाखान्यात एकदाबी आला न्हाईत, सगळ्यांच्या लग्नाला गेला, मयताला गेला, माझ्या लेकराकडं आला न्हाईत. भाऊ म्हणलं, कुठल्या तोंडानं येऊ? ती म्हणाली, याच तोंडानं यायचं हुतं. बास. एवढंच बोलली आन् बाजूला जाऊन उभी राहिली. गेली न्हाई. आमी कुणी तिला समजावायला गेलो न्हाई, समजवायचं काय त्यात.

उचलायचा कुणी हा पेच. रीत म्हंजे घरच्या पुरुषानं, भाऊ उठू शकत न्हाईत, मुलगा पुण्याला, आला न्हाई. आक्कांनी पदर डोक्यावर घेतला, पाटीत गलेफ घेतला आन् पाटी डोक्यावर. ज्या बाई डेरीला सील लागल्या दिवसापासनं दळणाला सुदीक बाहेर पडल्या नव्हत्या. आमी मागनं. बँड न्हाई, घोडा न्हाई. सरपंचाचा गलेफ डीजे लावून आधीच गेलेला, गर्दी तिथंच हुती, आमाला बघून डीजेवाल्याच्या काय मनात आलं आन् त्यानं बंद केला, ते तर वाईट झालं, कारण मग आमच्या पैंजणांचा आवाज सुदीक आईकू यायला लागला.

दर्ग्याच्या पायरीवर मुजावर उभा राहतो आन् मोठ्यानं इचारतो, कुणाच्या घरचा गलेफ? त्यावर घराचं नाव सांगायचं, मग तो घेतो. नाव घेतल्याबिगार घ्यायचा न्हाई, अशी रीत. माझं दीर पायरीवर आलं, माझ्याकडं बघितलं, मग आक्कांकडं, आन् इचारलं, कुणाच्या घरचा गलेफ?

आक्कांनी तोंड उघडलं. तेवढ्यात गर्दीतनं कुणीतरी वरडलं, भेसळवाल्यांचा! पोरं हसली. आक्का तशाच, पाटी डोक्यावर, मान न हलवता, त्या बाजूला वळल्या सुदीक न्हाईत, दिराकडं बघून म्हणाल्या, व्हय. त्यांच्याच घरचा.

मी दिरांचं तोंड बघत हुते. मग त्येंनी दोनी हातांनी पाटी घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठिवली आन् आत गेलं. सरपंचाच्या गलेफावर चढवला, एकावर एक. तो वाकडा कोपरा वर.

युनिफॉर्मचं काम गेलंच, त्या बाहेरच्याला गेलं, पोरांच्या शाळेच्या चड्ड्या पयल्या आठवड्यातच उसवल्या म्हणत्यात, जाऊ दे, मी आपली ब्लाऊज, फॉल, पिको करते, भागतंय. क्लास आता माझ्या वरच्या खोलीत घेते. भाऊ त्यानंतरच्या थंडीत गेलं. रक्षा सावडायच्या दिवशी नदीवर भाषणं असत्यात आमच्याकडं, श्रद्धांजलीची, मोठं कुणी आलं न्हाई, सरपंच आला, बोलला, लय गोड बोलला. केस अजून चालूच हाय म्हणत्यात, मेलेल्या माणसाची केस कशी चालती मला कळत न्हाई, पण गावात तर चालू हाय, चहाच्या टपरीवर रोज तारीख. एक म्हणतो चोर, एक म्हणतो त्याच्यामुळं आपल्या पोरी शिकल्या, आन् दोघंबी खरं बोलत्यात आन् दोघंबी भांडत्यात.

उरूस आलाय परत. आक्कांची मखमल आली, ती बघा, कपाटात. मी शिवणार, जवर डोळं हायत तवर. सुनीता येती त्या दिवशी, उभी राहती, टाका घालत न्हाई. मी सुई पुढं करत न्हाई आता.

तुमी आल्यापासनं बोलला न्हाईत फारशा, मीच आपली बडबड, पण ऐकताय नीट ते बरं हाय. आता एक करा. इथनं निघाला की लगेच एसटीला जाऊ नका. ते पांढरं घर दिसतंय, दारात मशीन हाय, ते सुनीताचं. तिला सांगा चाचीनं पाठवलंय, भाऊंबद्दल सांग म्हणून. ती सांगंल. पोरगीबी शाळेतनं येईल एवढ्यात, तिच्याशी बोला, दुधाचं नका काढू. आन् ती सांगंल ते लिवा, माझ्या खाली न्हाई, माझ्या शेजारी लिवा. जावा बाळ, अल्ला तुमच्या हाताला बरकत देवो. चप्पल उन्हात हाय तुमची, तापली असंल, जरा दमानं घाला.